छातीवरचा साक्षीदार

२१ मे १९४६. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातली लॉस अलामोस प्रयोगशाळा. लुई स्लॉटिन हा पस्तीस वर्षांचा कॅनेडियन शास्त्रज्ञ प्लुटोनियमच्या गोळ्यावर बेरिलियमची अर्धगोल वाटी हळूहळू खाली आणत होता. खालून तशीच एक वाटी होती. दोन्ही वाट्या पूर्ण मिटल्या, की बाहेर निसटणारे न्यूट्रॉन परत आत ढकलले जाणार आणि साखळी प्रक्रिया हाताबाहेर जाणार. त्या मिटू नयेत म्हणून मध्ये आधाराचे ठोकळे ठेवणं अपेक्षित होतं. स्लॉटिनने ते ठेवले नव्हते. फटीत त्याने स्क्रूड्रायव्हरचं पातं धरलं होतं. हा प्रयोग त्याने आधी बरेचदा असाच केला होता, आणि एन्रिको फर्मीने त्याला सांगून पाहिलं होतं की असं करत राहिलास तर वर्षभरात मरशील.

पातं निसटलं. खोलीत निळा प्रकाश चमकला. स्लॉटिनने वरची वाटी हाताने झटकून जमिनीवर पाडली आणि प्रक्रिया थांबली. नऊ दिवसांनी तो गेला. त्याआधी नऊ महिने, ऑगस्ट १९४५ मध्ये, ह्याच गोळ्यावर काम करताना हॅरी डॅगलियन नावाच्या तरुण शास्त्रज्ञाच्या हातून टंगस्टन कार्बाइडची वीट पडली होती. तोही पंचवीस दिवसांत गेला होता.

ही गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. तिच्यातला एक तपशील मात्र सहसा मागे राहतो. त्या खोलीत स्लॉटिन धरून आठ माणसं होती. किरणोत्साराची मात्रा नोंदवणारे फिल्म बॅज प्रयोगशाळेत तेव्हा वापरात होते, ह्या मंडळींसाठीही होते. पण ते अपघाताच्या जागेपासून सुमारे तीस मीटर दूर, कुलूपबंद पेटीत होते. एकाच्याही अंगावर बॅज नव्हता. अपघातानंतर लगेच स्लॉटिनने ते बॅज आणून त्या गोळ्यापाशी ठेवायला सांगितले. त्याचा काही उपयोग नव्हता, कारण त्यातून गोळ्याजवळची मात्रा कळली असती, माणसांनी झेललेली नाही. शिवाय बॅज ठेवायला गेलेल्या सहकाऱ्याला नाहक पुन्हा तिथे जावं लागलं. कोण कुठे उभं होतं ह्याचं रेखाचित्र नंतर आठवून काढण्यात आलं. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने रक्तातलं सोडियम किरणोत्सारी झालं होतं, ते मोजून कोणाला किती लागलं ह्याचा अंदाज बांधावा लागला.

बॅज अंगावर असता तर स्लॉटिन वाचला असता का? नाही. बॅज कुणाला वाचवत नाही. प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेल्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगावी लागते, कारण छातीला क्लिप लावली की कवच घातल्यासारखं वाटतं. बॅज हा साक्षीदार आहे. जे घडलं ते तो नंतर सांगतो, तेही तीन महिन्यांनी. बचाव जो काय व्हायचा तो बॅज लावण्याच्या आधी, प्रयोगाचा आराखडा कागदावर असतानाच झालेला असावा लागतो.

किरणोत्साराची खरी पंचाईत अशी, की त्याची जाणीव करून देणारं एकही इंद्रिय आपल्याकडे नाही. विस्तवाचा चटका बसतो, क्लोरीनचा वास येतो, विजेचा झटका बसतो. इथे काहीच होत नाही. त्वचा लाल व्हायची ती काही दिवसांनी, आणि कर्करोग व्हायचाच तर दहा-वीस वर्षांनी. राँटगेनला १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरण सापडले, तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. थॉमस एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली यंत्र नीट चालतंय का हे रोज स्वतःचा हात किरणांपुढे धरून पाहायचा. आधी हात गेले, आणि १९०४ मध्ये तो स्वतः. एडिसनने क्ष-किरणांवरचं काम सोडून दिलं. हेन्री बेकरेलने रेडियमची नळी जाकिटाच्या खिशात ठेवली आणि त्याच्या अंगावर भाजल्याचा डाग उठला. पिअर क्युरीने मग कुतूहलापोटी मुद्दाम स्वतःच्या दंडावर रेडियम बांधून जखम करून घेतली. मारी क्युरी १९३४ मध्ये अप्लास्टिक ॲनिमियाने गेल्या. त्यांच्या वह्या पॅरिसला शिशाच्या पेट्यांमध्ये ठेवलेल्या आहेत. रेडियमचं अर्धायुष्य सोळाशे वर्षांचं असल्यामुळे त्या वह्या बराच काळ तशाच ठेवाव्या लागणार आहेत. हॅम्बुर्गच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली क्ष-किरण आणि रेडियमपायी प्राण गेलेल्यांचं स्मारक उभारलं गेलं, तेव्हाच त्यावर १६९ नावं कोरलेली होती. त्यात डॉक्टर होते, शास्त्रज्ञ होते, परिचारिकाही होत्या.

मर्यादा ठरवायची कल्पना ह्यातूनच निघाली. १९२८ मध्ये स्टॉकहोमला किरणतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत एक समिती नेमली गेली. आज जगभरचे नियम ज्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या शिफारशींवर बेतलेले असतात, त्याचं हे मूळ. समितीने १९३४ मध्ये रोज ०.२ राँटगेन चालेल असं म्हटलं. आजच्या मोजमापात ते वर्षाला साधारण पाचशे मिलिसीव्हर्ट होतात. पुढे आकडा खाली खाली येत गेला. पन्नासच्या दशकाअखेर तो पन्नास झाला, १९९० च्या शिफारशींत सरासरी वीस. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने दरसाल २० मिलिसीव्हर्ट अशी आहे, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जायचं नाही. आंतरराष्ट्रीय शिफारस एका वर्षात ५० पर्यंत मुभा देते, म्हणजे ह्या बाबतीत आपला नियम अधिक कडक आहे. तुलनेसाठी, जमीन, हवा, अन्न आणि अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे जगातल्या सर्वसाधारण माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच.

मुंबईत तुर्भ्याला १९५४ मध्ये अणुऊर्जा संस्था उभी राहिली. तिलाच १९६७ पासून आपण भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतो. 'अप्सरा' ही अणुभट्टी १९५६ च्या ऑगस्टमध्ये चालू झाली. पाण्याच्या टाकीत बुडवलेली, वरून वाकून पाहिली तर निळी झळाळी दिसणारी. तेच पाणी माणसांचं किरणांपासूनचं कवचही होतं. किरणोत्सारापासून संरक्षणाचा विभाग ए. के. गांगुली ह्यांच्या देखरेखीखाली उभा राहत होता. होमी भाभांनी १९६० मध्ये एक कार्यालयीन आदेश काढला. किरणोत्सारी द्रव्यं अशा रीतीने हाताळली जावीत, की इथल्या कामगारांना वा इतर कुणाला इजा होणार नाही, एवढंच नव्हे तर देशातल्या इतर संस्थांनी कित्ता गिरवावा असं काम इथे व्हावं, असा त्याचा आशय होता. असे आदेश सगळीकडेच निघतात. ह्याचं वेगळेपण एवढंच, की तो ज्यांनी काढला त्यांना भट्ट्या लवकर उभ्या करण्याचीही तितकीच घाई होती.

भारतातही सुरुवात फिल्म बॅजनेच झाली. ही कल्पना शिकागोतली, दुसऱ्या महायुद्धातल्या अणुबाँब प्रकल्पाच्या वेळची, अर्नेस्ट वोलन ह्या भौतिकशास्त्रज्ञाने आकाराला आणलेली. फोटोच्या फिल्मचा तुकडा किरणांनी काळवंडतो, तो किती काळवंडला त्यावरून मात्रा काढायची. आपल्या हवेत फिल्म हा तापच होता. मुंबईच्या पावसाळ्यात ती दमटपणाने बिघडायची आणि उन्हाळ्यात उकाड्याने धुरकट व्हायची. १९७५ पासून तिच्या जागी टीएलडी (थर्मोल्युमिनेसंट डोसिमीटर) बॅज येऊ लागला. तो भाभा केंद्रातच विकसित झाला होता.

हा बॅज उघडून पाहण्यासारखा आहे. निकेलचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तीन पांढुरक्या चकत्या बसवलेल्या असतात. टेफ्लॉनमध्ये कॅल्शियम सल्फेटची पूड मिसळून त्या बनवतात, आणि त्या पुडीत डिस्प्रोसियम ह्या मूलद्रव्याची किंचित भर घातलेली असते. सगळी करामत त्या भेसळीची आहे. शुद्ध स्फटिकात किरणांनी उडवलेले इलेक्ट्रॉन लगेच जागेवर येतात. भेसळीमुळे स्फटिकात बारीक खड्डे तयार होतात आणि काही इलेक्ट्रॉन त्यात अडकून बसतात. साध्या तापमानाला ते महिनोन्महिने बाहेर पडत नाहीत. बॅज प्रयोगशाळेत परत आला, की गरम नायट्रोजनचा झोत सोडून चकती तापवतात. अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि सुटताना प्रकाश सोडतात. तो डोळ्यांना दिसेल एवढा नसतो, पण यंत्र तो मोजतं. जितका प्रकाश, तितकी मात्रा. पुरातत्त्वशास्त्रज्ञ जुन्या खापरांचं वय काढतात ते ह्याच तत्त्वावर.

तीनही चकत्या सारख्याच असतील तर तीन कशाला? कारण पट्टी ज्या डबीत सरकवतात तिला तीन वेगवेगळ्या खिडक्या असतात. एका चकतीवर तांबं आणि ॲल्युमिनियम, दुसरीवर प्लास्टिक, तिसरी मोकळी. जोरकस गॅमा किरण तिन्हींत सारखेच शिरतात. क्ष-किरण धातूखाली अडतात. बीटा कण बहुतांशी मोकळ्या चकतीतच नोंदले जातात. तिन्ही आकडे शेजारी ठेवले की नुसतं किती लागलं एवढंच कळत नाही, काय लागलं हेही कळतं. त्याबरोबर एक कंट्रोल बॅजही येतो. तो कुणीच लावायचा नसतो. किरणोत्सारापासून दूर, एखाद्या कपाटात ठेवायचा आणि परत पाठवायचा, म्हणजे प्रवासात आणि वातावरणात जेवढं नैसर्गिक चढलं तेवढं वजा करता येतं. पुष्कळ ठिकाणी हा कंट्रोल बॅजसुद्धा इतर बॅजच्या सोबत किरणोत्सारी द्रव्याच्या, म्हणजे सोर्सच्याच खोलीत टांगलेला सापडतो. मग सगळ्यांच्याच आकड्यांतून भलतीच वजाबाकी होते.

एक मात्र आहे. चकती तापवली की तिच्यातली नोंद पुसली जाते. साक्षीदाराची साक्ष एकदाच होते, उलटतपासणी नाही. म्हणून वाचताना निघालेला प्रकाशाचा आलेख जपून ठेवतात. आकडा संशयास्पद मोठा असेल तर त्या माणसाची चौकशी होते. बॅज चुकून क्ष-किरण यंत्राजवळ राहिला होता का? कोट तिथेच खुंटीला टांगून जेवायला गेला होतात का? उत्तर पटलं नाही, तर रक्ताचा नमुना घेऊन पांढऱ्या पेशींतली गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. किरणांनी तुटलेली गुणसूत्रं चुकीची जोडली जाऊन दोन सेंट्रोमिअर असलेली विचित्र गुणसूत्रं तयार होतात. शंभर मिलिसीव्हर्टच्या आसपासची किंवा त्यावरची मात्रा त्यांच्या संख्येवरून अंदाजता येते. माणसाचं रक्त हा दुसरा बॅज झाला, आणि तो खुंटीला टांगून ठेवता येत नाही.

आता हा साक्षीदार काय पाहू शकत नाही ते पाहू, कारण संशोधनाच्या प्रयोगशाळेत धोका बहुधा तिथेच असतो.

बॅज छातीवर असतो आणि काम हात करतात. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत फॉस्फरस-३२ ची कुपी चिमटीत धरली, तर बोटांच्या टोकांना बसणारी मात्रा छातीवरच्या मात्रेच्या कित्येक पट असते. त्यासाठी बोटात घालायची अंगठी किंवा मनगटाचा बॅज वेगळा मिळतो. हातांची मर्यादाही वेगळी, वर्षाला ५०० मिलिसीव्हर्ट. क्ष-किरण विवर्तनाच्या यंत्राची तऱ्हा आणखी निराळी. स्फटिकांची रचना शोधणाऱ्या ह्या यंत्रातून सुईसारखा बारीक झोत निघतो. ऊर्जा कमी, पण तीव्रता एवढी की यंत्राच्या तोंडाशी काही सेकंद बोट राहिलं तरी खोल भाजतं, आणि छातीवरच्या बॅजला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून आधुनिक यंत्राभोवती काचेची पेटी असते आणि दार उघडताच झडप आपोआप बंद होते. नमुना नीट बसवायला सोपं जावं म्हणून ही व्यवस्था 'तात्पुरती' निकामी करून ठेवायची खोड संशोधकांना फार आहे. अशा यंत्रांवरच्या बऱ्याच जखमा त्या तात्पुरत्यातूनच आलेल्या आहेत.

ट्रिटियमचे बीटा कण तर इतके दुबळे, की हवेत सहा मिलिमीटर जाऊन संपतात आणि कातडीचा मृत थरही त्यांना ओलांडता येत नाही. टीएलडी त्यांना पाहत नाही, गायगर काउंटरही नाही. पण ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनच. तो पाण्यात असतो, पाण्याच्या वाफेत असतो, श्वासातून आणि कातडीतून आत शिरतो आणि शरीरभर पाण्यासारखाच पसरतो. त्याला पकडायचं तर लघवी तपासावी लागते. नोव्हेंबर २००९ मध्ये कैगा अणुवीज केंद्रात, कारवारपासून फार लांब नाही ते, नेहमीच्या लघवीच्या तपासणीत पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांत ट्रिटियम जास्त आढळलं. शोध घेतला तेव्हा पिण्याच्या पाण्याच्या कूलरपर्यंत माग पोचला. कुणीतरी त्यात ट्रिटियम असलेलं जड पाणी मिसळलं होतं. बॅजवर काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ही भानगड उघड झाली ती कंटाळवाण्या नियमित तपासणीमुळे. ट्रिटियमवरचा उपाय साधा आहे. भरपूर पाणी प्यायचं, म्हणजे ते लवकर बाहेर पडतं. एरवी निम्मं बाहेर पडायला सुमारे दहा दिवस लागतात.

अमेरिकेत १९९५ च्या उन्हाळ्यात असे दोन प्रकार ओळीने घडले होते, दोन्ही फॉस्फरस-३२ चे. बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एका गर्भवती संशोधिकेच्या शरीरात ते सापडलं. मग पाण्याच्या कूलरमुळे आणखी सव्वीस जण दूषित झाल्याचं निघालं. हे मुद्दाम केलेलं होतं असं चौकशीत ठरलं, पण कोणी ते सिद्ध झालं नाही. दोन महिन्यांत एमआयटीमधल्या एका संशोधकाच्या शरीरातही फॉस्फरस आढळलं. त्याला ते स्वतःलाच कळलं, नेहमीप्रमाणे किरणोत्सार मोजणारा सर्व्हे मीटर अंगावरून फिरवताना. बाटल्यांची मोजदाद, फ्रीजला कुलूप, प्रयोगशाळेत खाण्यापिण्याला बंदी ह्या गोष्टी निव्वळ शिस्तीच्या वाटतात. ह्या घटनांनंतर त्यांच्याकडे सुरक्षारक्षकाच्या नजरेनेही पाहिलं जाऊ लागलं.

फॉस्फरस-३२ चं नाव पुन्हा पुन्हा येतंय ते उगाच नाही. डीएनएच्या संशोधनाची दोन-तीन दशकं त्याच्यावर उभी आहेत. डीएनएच्या साखळीत मुळातच फॉस्फरस असतो, तेव्हा त्याच्या जागी किरणोत्सारी फॉस्फरस बसवला की तो तुकडा फिल्मवर स्वतःचा ठसा उमटवतो. आता चमकणारी रसायनं आली आणि वापर घटला. तरीही मात्रा कमी कशी करायची हे शिकायला ह्याच्याइतका चांगला धडा नाही, कारण इथे अंदाजाने केलेल्या गोष्टी उलट्या पडतात.

उदाहरणार्थ, किरणोत्सार म्हटलं की शिसं आठवतं. फॉस्फरसच्या कुपीसमोर नुसतं शिसं ठेवलं तर वेगवान बीटा कण शिशात एकदम अडकतात आणि थांबता थांबता क्ष-किरण निर्माण करतात. म्हणजे अडवायला गेलो आणि अधिक भेदक पाहुणा घरात घेतला. हलक्या अणूंच्या पदार्थात हे फार कमी होतं. म्हणून एक सेंटिमीटर जाडीची पारदर्शक ॲक्रिलिकची पाटी समोर उभी करतात. तेवढ्यात सगळे बीटा कण संपतात आणि पलीकडे हात काय करतात हे दिसतंही. शिशाच्या ॲप्रनबद्दलही असाच गैरसमज आहे. अर्ध्या मिलिमीटरचा ॲप्रन रुग्णालयातल्या क्ष-किरणांसाठी उत्तम, पण कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा जोर निम्म्यावर आणायलाच सुमारे बारा मिलिमीटर शिसं लागतं. ॲप्रन त्यातले तीनेक टक्के अडवेल. अंगावरच्या ओझ्याने काम हळू होऊन तेवढं पुन्हा चढेल.

अंतराचा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण त्याची ताकद हिशेब केल्याशिवाय लक्षात येत नाही. बिंदूएवढ्या सोर्सपासून एक सेंटिमीटरवरचं बोट तीस सेंटिमीटरवर नेलं तर मात्रा तीस पट नाही, नऊशे पट घटते. लांब चिमटा, कुपीसाठी घट्ट स्टँड, रिमोट पिपेट हे सगळे त्या नऊशेसाठी. हात थरथरला आणि चिमट्यातून कुपी निसटली तर हे गणित फसतं, म्हणून त्या चिमट्याने साध्या पाण्याची कुपी उचलायचा सराव आधी करतात. त्याला ड्राय रन म्हणतात. वेळ वाचवायचा खरा मार्ग हाच, भरभर काम करणं हा नव्हे. अख्खा प्रयोग आधी रंगीत पाण्याने करून पाहायचा. ट्यूब कुठे ठेवायची, झाकण कुठल्या हाताने उघडायचं, कचरा कुठल्या डब्यात, सगळं हातात बसलेलं असेल तर खरा सोर्स समोर असताना पाच मिनिटांचं काम पाच मिनिटांतच होतं. नवख्या विद्यार्थ्याला ह्याचा कंटाळा येतो. एक दिवस वाया गेला असं त्याला वाटतं. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातला सर्वांत उपयोगी दिवस तोच.

मग येतं कंटॅमिनेशन, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य नको तिथे लागणं. उघड्या द्रावणातला एखादा थेंब उडतो आणि तिथून धोक्याचं स्वरूपच बदलतं. हळद लागलेल्या हातासारखं ते असतं. हात दाराच्या कडीला लागतो, कडी दुसऱ्याच्या हाताला, तिथून मोबाइलला. फरक इतकाच की हळद दिसते. म्हणून टेबलावर आधी ट्रे, ट्रेमध्ये शोषून घेणारा कागद, प्लास्टिकची बाजू खाली. हातमोज्यांच्या दोन जोड्या, वरची वारंवार बदलायची. दर थोड्या वेळाने मीटर हातावरून आणि टेबलावरून फिरवायचा, तोही सावकाश, कारण घाईने फिरवलेला मीटर काहीच सांगत नाही. जिथे मीटर आंधळा, तिथे वाइप टेस्ट. शंभर चौरस सेंटिमीटर जागा गोल कागदाने पुसायची आणि तो कागद सिंटिलेशन द्रावणात, म्हणजे किरणांनी चमकणाऱ्या द्रावणात, टाकून मोजायचा. ट्रिटियम आणि कार्बन-१४ वापरणाऱ्यांची तर ह्याच कागदावर सगळी भिस्त. प्रथिनांना आयोडीन-१२५ जोडणाऱ्यांनी फ्यूम हूडखालीच काम करायचं आणि नंतर मान मीटरसमोर धरायची, कारण आयोडीन उडतं, श्वासातून आत जातं, आणि थायरॉइड ते शोधून गोळा करतं.

कचऱ्याच्या बाबतीत फॉस्फरस-३२ मोठा सोयीचा आहे. अर्धायुष्य १४.३ दिवसांचं. डब्यावर तारीख लिहून कुलूप लावून दहा अर्धायुष्यं, म्हणजे पाचेक महिने, थांबायचं, की मूळच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी उरतो. मोजून पाहायचं, पिवळी-काळी खूण फाडून टाकायची, मग साधा कचरा. थांबण्याखेरीज काहीच करायचं नसतं. ट्रिटियमच्या बाबतीत एवढं थांबायचं तर सव्वाशे वर्षं लागतील.

त्वरकयंत्रांच्या प्रयोगशाळेत सोर्स नावाची बाटलीच नसते. बटण दाबलं की किरण, बंद केलं की नाहीत, निदान बरेचसे नाहीत. इथे सुरक्षिततेचा प्रश्न एका वाक्यात मावतो. बीम, म्हणजे कणांचा झोत, चालू असताना आत माणूस असता कामा नये. अनातोली बुगोर्स्की ह्या रशियन भौतिकशास्त्रज्ञाने १३ जुलै १९७८ रोजी प्रोत्विनो इथल्या यू-७० त्वरकातलं एक बिघडलेलं उपकरण पाहायला डोकं आत घातलं आणि प्रोटॉनांचा झोत त्याच्या डोक्याच्या मागून शिरून नाकाजवळून बाहेर पडला. बीम थांबला नव्हता, सुरक्षा यंत्रणेने ते त्याला सांगितलं नाही. त्याला वेदना झाली नाही, फक्त डोळे दिपवणारा प्रकाश दिसला. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, डावा कान गेला. तो जगला आणि त्याने पीएच.डी.ही पूर्ण केली.

इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ सारख्या यंत्रात इलेक्ट्रॉन १७२.५ मीटर परिघात फिरत असतात. अशा यंत्रांभोवती जाड काँक्रीट असतं आणि आत जायच्या प्रत्येक दाराला इंटरलॉक, म्हणजे दार उघडताच बीम बंद पाडणारी व्यवस्था. यंत्र सुरू करण्याआधी एका माणसाने ठरलेल्या वाटेने आत फिरून कुणी उरलं नाही ना हे पाहायचं. वाटेतली बटणं ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या वेळेत दाबली गेली तरच यंत्राला परवानगी मिळते. कोपरा चुकवला तर बटण चुकतं आणि फेरी पहिल्यापासून. माणसाच्या प्रामाणिकपणावर भरवसा न ठेवणारी ही व्यवस्था मला मोठी शहाणी वाटते.

इतका खटाटोप करून मात्रा किती कमी करायची? १९७७ पासून आंतरराष्ट्रीय आयोगाचं उत्तर असं आहे, की मर्यादेखाली आलात म्हणून थांबू नका, आर्थिक आणि सामाजिक बाबी लक्षात घेऊन वाजवीपणे जितकी कमी करता येईल तितकी करा. इंग्रजी आद्याक्षरांवरून प्रयोगशाळेत सगळे ह्याला 'अलारा' म्हणतात. ह्यामागे एक गृहीतक आहे, की थोड्याशा मात्रेचाही थोडासा धोका असतोच, ज्याखाली धोका शून्य होतो असा उंबरठा नसतो. हे पूर्ण सिद्ध झालेलं नाही आणि त्यावर जोरदार वाद आहे. केरळातल्या करुनागप्पल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सार पुष्कळ जास्त आहे. तिथल्या सुमारे सत्तर हजार रहिवाशांच्या पाहणीत, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही. उलट फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तीन लाखांहून अधिक अणुकामगारांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्रेबरोबर कर्करोगाने होणारे मृत्यू वाढलेले दिसले, अगदी कमी मात्रांच्या पट्ट्यातही. नियम करणाऱ्याने ह्यातलं दुसरं खरं मानून चालावं हे मला रास्त वाटतं. चुकलाच तर त्याने थोडं ॲक्रिलिक जास्त विकत घेतलेलं असेल.

गर्भवती स्त्रीच्या बाबतीत मात्र वादाला फारशी जागा ठेवलेली नाही. तिने कळवलं, की उरलेल्या महिन्यांत गर्भाला एक मिलिसीव्हर्टहून जास्त मिळू नये अशी कामाची आखणी करावी लागते. कळवणं तिच्यावर आहे, आणि कळवल्यामुळे प्रयोग हातातून जाईल ही भीतीही तिचीच. वरिष्ठाने ती भीती आधीच काढून टाकली नसेल, तर नियम कागदावर राहतो.

बहुतेक संशोधकांच्या बॅजवर वर्षाला एक मिलिसीव्हर्टही चढत नाही. तिमाहीमागून तिमाही शून्य येतं. चांगली बातमी आहे, पण तिचा परिणाम वाईट होतो. बॅज ड्रॉवरमध्ये पडून राहतो, परत पाठवायची तारीख चुकते, रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर म्हणजे सह्या मागत फिरणारा माणूस वाटू लागतो. हे पद अनेक विद्यापीठांत एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात जास्तीचं काम म्हणून पडलेलं असतं. त्याच्याकडे एक रजिस्टर असतं. कुठला सोर्स, केव्हा आला, कुठल्या खोलीत आहे, चावी कुणाकडे, संपल्यावर कुठे गेला.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात गॅमासेल-२२० नावाचं एक यंत्र होतं, नमुन्यांवर गॅमा किरणांचा मारा करण्यासाठी कॅनडाहून आणलेलं. आत कोबाल्ट-६० च्या कांड्या. १९८५ पासून ते वापरात नव्हतं. जाणारी माणसं गेली, नवी आली, यंत्र खोलीत उभंच राहिलं. फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यापीठाने जुन्या सामानाचा लिलाव केला, त्यात तेही गेलं. पश्चिम दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगारबाजारात कामगारांनी ते फोडलं. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं आहे, म्हणजे पंचवीस वर्षांत त्याचा सत्ताविसावा हिस्साच उरला होता. तेवढा पुरला. एका दुकानदाराने चमकणारा धातूचा तुकडा पाकिटात घालून खिशात ठेवला. कातडी काळी पडलेली, केस गळलेले लोक रुग्णालयात येऊ लागले, तेव्हा एप्रिल उजाडला होता. एका कामगाराचा मृत्यू झाला. भाभा केंद्राच्या आणि नियामक मंडळाच्या माणसांनी मीटर घेऊन भंगाराचे ढीग उपसले आणि कोबाल्टचे तुकडे शोधून गोळा केले.

मायापुरीत कुणाच्या छातीवर बॅज नव्हता, असण्याचं कारणही नव्हतं. नियामक मंडळाने विद्यापीठाचा किरणोत्सारी सोर्स वापरण्याचा परवाना स्थगित केला. आज सोर्स मागवायचा, हलवायचा किंवा परत करायचा तर मंडळाच्या 'ई-लोरा' ह्या संगणकप्रणालीवर नोंद करावी लागते. तिथे सोर्सचा क्रमांक लिहावा लागतो, आणि काम संपल्यावर तो कोणाकडे परत जाणार हेही.